जन्मतारखेचा रकाना

शारजात, रोला चौकाच्या मागे,
घड्याळं दुरुस्त करणाऱ्याला लागून माझं टायपिंग सेंटर.
एक टेबल, दोन भाषा, एसीखाली बादली.
बावीस वर्षं मी लोकांची वयं टाइप करतो.

आमच्या किनाऱ्यावरचे बहुतेक एक जूनला जन्मले.
मास्तर विचारत, पोर कधीचं?
आई म्हणे, आगबोट बंद झाली त्याच्या आदल्या सालचं.
मास्तर लिहीत : एक जून.

याकूब मुकादम, हर्णै, क्रेनवाला.
सकाळी आला, पासपोर्ट रुमालात.
"टाइपवाले, तीन वर्षं परत घेता येतील का?"
अठराचा होता तेव्हा एजंटानं एकवीसचा केला,
तेव्हा इथे मिसरूड फुटलेलीच माणसं हवी होती.
उसनी वर्षं. आता वसुलीला आली,
कागदावर साठ.
मी सगळे अर्ज चाळले.
वय कमी करायचा अर्ज नाही.
तो उठला नाही. बाकावर बसून राहिला.

ह्या शहरात म्हातारं माणूस फारसं दिसत नाही.
पाहुण्यांना वाटतं, हवा चांगली.
हवा कसली!
साठीचा माणूस विमानात बसतो
आणि त्याच खाटेवर, त्याच उशीच्या खळग्यात
तेविशीचं कोणीतरी डोकं ठेवतं.
म्हातारपण तेवढं आम्ही गावी पाठवतो,
ड्राफ्टसारखं.

दुपारी बू खलफ आले, काठी टेकत.
ते अकरा भावंडांत सातवे.
नातू एकच, तोही टॅब्लेटशी इंग्रजीत भांडतो.
सांभाळायला बाई हवी, वय पंचवीस ते पस्तीस.
म्हटलं, ती शर्मिष्ठा होती ना, नंदुरबारची, वळवी?
"गेली. जर्मनीला."
विहीर आटल्याचं सांगावं तसं सांगितलं त्यांनी.
मी मान हलवली. तिचा अर्ज मीच केला होता.
रात्रपाळीत त्यांच्या उशाशी ती पुटपुटायची
डेअर, डी, दास,
त्यांना वाटायचं पोरगी दुआ म्हणते.

खिडकीपलीकडचे साहेब बदललेत.
पूर्वी विचारायचे, परत कधी जाणार?
आता विचारतात, कधी येणार? नवऱ्यालाही आणा.
जपानी बाबू माझ्या टेबलावर कॅलेंडर ठेवून गेला,
कोरियाचा एक जण मिठाई.
रणगाडे मोजणारी राज्यं
आता कूस बदलून देणारे हात मोजतात.
मत म्हाताऱ्यांचं, हात परक्याचे,
आणि ह्याच हातांना हाकला म्हणून
खुर्चीत बसल्या बसल्या मत टाकणारेही तेच.
उद्या तह होतील ते पाण्यावरून नाही, तेलावरून नाही,
रात्री दोन वाजता कोण उठेल, यावरून.

भावाचा मेसेज : शाळेचा पट शून्य झाला. कुलूप लागलं.
फळा ग्रामपंचायतीनं नेला.
आंब्याच्या बागा नेपाळी राखतात,
त्यातल्याच एकाची बायको आमच्या तात्यांची नखं कापते.
तिच्या सासऱ्याची तिकडे कोण कापतं?
विचारायचं राहिलं.
फोन काही महाग नव्हता.

मधे एक पोरगा आला, कोरा पासपोर्ट घेऊन.
तारीख हॉस्पिटलातली, वेळेसकट, मिनिटासकट.
पोरं कमी झाली, तारखा अचूक झाल्या.

याकूब अजून बाकावरच.
चहा संपवून म्हणाला,
"खरं वय सत्तावन. म्हणजे तीन वर्षं माझ्याकडे शिल्लक आहेत,
कुठल्याच सरकारला ठाऊक नसलेली.
ती गावी जाऊन बिनकागदाची जगतो."
मी व्हिसा रद्द करायचा अर्ज टाइप केला.
प्रिंटर दोनदा अडला.
दहा दिरहम झाले. त्यानं वीसची नोट ठेवली.
सुटे नव्हते माझ्याकडे.
"राहू दे," म्हणाला, "नंतर घेईन,"
आणि नंतर म्हणजे कधी, ते दोघांनीही
रकान्यात भरलं नाही.